कावळा, फांदी आणि पावती



या फलकावर ज्यांचं पूर्ण नाव लिहिलंय, त्यांना साताऱ्यात त्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ते सगळ्यांचे काका होते. त्यामुळे पुढचा तासभर मीही त्यांना काकाच म्हणणार आहे.

संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "कॉम्प्युटरचा एक भाग बदलला आणि त्यानंतर दुसराच भाग जळाला, तर भरपाई कुणी द्यायची, यावर बोलेन." पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे... तंत्रज्ञान आणि समाज असं काही?" मी म्हटलं, नाही. एसएमपीएस, हार्डडिस्क आणि पावती. त्यांनी ते मान्य केलं, याबद्दल त्यांचे आभार. संतसाहित्य आणि पर्यावरण अशा व्याख्यान-विषयांच्या पंक्तीत या विषयाला पाट मिळेल असं मला वाटलं नव्हतं. पण काकांनी आयुष्यभर रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त केले. त्यांच्या स्मृतीसाठी दुरुस्तीवर बोलायचं नाही तर कशावर बोलायचं?

दुरुस्तीच्या दुकानात दोन वाक्यं रोज ऐकू येतात. काउंटरच्या बाहेरून येतं ते, "तुमच्याकडे आणेपर्यंत चालू होतं हो." आतून येतं ते, "आम्ही त्याला हातसुद्धा लावला नाही." काउंटरच्या आतल्या बाजूला मी बावीस वर्षं काढली आणि नंतर ग्राहक मार्गदर्शन केंद्रात स्वयंसेवक म्हणून बाहेरच्या बाजूला बसलो. दोन्हीकडून पाहिल्यावर सांगतो, ही दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा खरी असतात. माणसं खोटं बोलतात म्हणून वाद होत नाहीत. वाद होतो तो 'नंतर' आणि 'मुळे' या दोन शब्दांचा. भाग बदलल्यानंतर जळालं, हे दोघांनाही मान्य असतं. भाग बदलल्यामुळे जळालं का, हा खरा प्रश्न.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. पंडितांनी याला काकतालीय न्याय असं भारदस्त नाव दिलंय. त्यांच्या दृष्टान्तात फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं, एवढाच फरक. दुकानदाराचा सगळा बचाव या म्हणीवर उभा असतो. आणि हा बचाव पोकळ नाही, हे मला आधी सांगितलं पाहिजे. वर्षानुवर्षं बंदच न झालेलं मशीन एकदा बंद करून थंड होऊ दिलं की पुन्हा सुरू होताना बऱ्याचदा दगा देतं. सुकत आलेले कपॅसिटर गरम असेपर्यंत कसेबसे तग धरतात, हार्डडिस्कची मोटर फिरती असते तोवर फिरत राहते. मेकॅनिकने काही चूक केलेली नसते, त्याने फक्त प्लग काढलेला असतो. फांदी आधीच किडलेली असते.

पण कधीकधी कावळाच फांदी मोडतो. एकदा तो कावळा मी स्वतः होतो.

१९९६ साल. आयटीआयमधून बाहेर पडून काकांकडे लागून मला तीन महिने झाले होते. गावात कॉम्प्युटर नुकते येत होते आणि काकांनी साठीच्या उंबरठ्यावर ते शिकायला घेतले होते. सुटे भाग आणायचे म्हणजे रात्रीची एस.टी. पकडून पहाटे मुंबई सेंट्रलला उतरायचं, चहा घेऊन वेळ काढायचा आणि दुकानं उघडायच्या वेळी चालत लॅमिंग्टन रोडला जायचं. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने तिथे कुणी रॅम विकत घेतल्याचं मी पाहिलेलं नाही.

एका पतसंस्थेच्या ४८६ मशीनचा पॉवर सप्लाय बदलायला काकांनी मला एकट्याला पाठवलं. त्या काळच्या एटी पद्धतीच्या सप्लायमधून मदरबोर्डला जाणारे दोन प्लग असायचे, पी-८ आणि पी-९. दोन्ही जवळजवळ जुळे, शेजारीशेजारी बसणारे. ते लावताना दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत. 'काळ्याला काळा', एवढं एकच सूत्र. उलटे लावले तर ज्या पट्टीवर जमीन हवी तिथे वीज जाते. प्लगच्या खाचा उलटं बसू देत नाहीत असं म्हणतात, पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या अंगठ्यात बराच जोर असतो. मी प्लग दाबले आणि बटण दाबलं. 'टक्' असा बारीकसा आवाज आला. मग काहीच नाही. बोर्ड गेला.

मॅनेजर शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "साहेब, लाइटचं व्होल्टेज एकदम वाढलं असणार."

हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आमच्या धंद्यात हवेतच असतं. वीज मंडळ साक्षीला येत नाही, त्यामुळे सगळे आरोप त्याच्यावर ढकलणं सोयीचं पडतं. दुकानात परतल्यावर काकांनी एकच विचारलं, "काळ्याला काळा लागला होता का?" मी गप्प. त्यांनी चपला घातल्या आणि पतसंस्थेत गेले. तिथे ते काय बोलले हे मला बऱ्याच वर्षांनी त्या मॅनेजरकडूनच कळलं. काका म्हणाले होते, "बोर्ड आमच्या पोराच्या हातून गेला. व्होल्टेजचा काही संबंध नाही. दोन दिवसांत बसवून देतो." त्या खेपेला बोर्ड आणायला ते स्वतः मुंबईला गेले. परत आल्यावर मला सांगितलं, जुना बोर्ड मिळाला, २,१०० रुपयांना, ते तुझ्या पगारातून महिन्याला दीडशेप्रमाणे कापीन. पगार होता १,२०० रुपये. चौदा महिने ते दीडशे मला टोचत होते. ती गोष्ट पुन्हा येईल.

या पी-८, पी-९च्या घोळावर कारखान्यांनीच उपाय काढला. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं मानक आणलं. त्यात दोन प्लगांच्या जागी एकच रुंद, वीस पिनांचा प्लग आला. पुढे तो चोवीस पिनांचा झाला. तो उलटा बसतच नाही. 'काळ्याला काळा' हे सूत्र विसरलं तरी चालेल, अशी सोय झाली. मेकॅनिकच्या आठवणीवर भिस्त ठेवण्यापेक्षा प्लगचा आकारच असा करायचा की चूक होऊच नये, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. माझ्यासारखी हजारो पोरं त्या एका प्लगने वाचवली असतील.

मग नव्या सप्लायमध्ये दुसरी सोय आली. पूर्वी सप्लायमधून वायरींची जटाच बाहेर यायची. लागो न लागो, सगळ्या वायरी कॅबिनेटमध्ये कोंबाव्या लागत. आता मॉड्युलर सप्लाय आले. सप्लायच्या पाठीवर सॉकेट असतात आणि हवी तेवढीच केबल लावायची. दिसायला सुबक, हवा खेळायला बरं. पण त्यात एक फट राहिली. केबलचं जे टोक हार्डडिस्कला किंवा मदरबोर्डला लागतं, ते मानकाने बांधलेलं आहे. जे टोक सप्लायला लागतं, त्याला असं कुठलंच बंधन नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मनाप्रमाणे पिना मांडते, कधी एकाच कंपनीची दोन मॉडेलंही वेगळी निघतात. प्लास्टिकचा प्लग मात्र पुष्कळदा तोच. म्हणजे जुन्या सप्लायची केबल नव्या सप्लायमध्ये गुपचूप, खटकन बसते आणि जिथे पाच व्होल्ट यायला हवेत तिथे बारा येतात. त्यात भर म्हणून पूर्वीचे पिवळा, लाल, नारिंगी, काळा असे रंग जाऊन हल्ली बऱ्याचदा शोभेसाठी केबलच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात. काळ्याला काळा लावायचा म्हटलं तर कुठला काळा?

आता ज्या तक्रारीमुळे हा विषय मला सुचला, ती सांगतो. नाव-गाव गाळलंय, दुकानाचंही आणि त्या ताईंचंही. ताई घरच्या घरी डीटीपी करतात. लग्नपत्रिका, शाळांची स्मरणिका, आणि पावसाळा सरता सरता एकदोन दिवाळी अंक. मशीन अधूनमधून आपोआप बंद पडायला लागलं. दुकानातला मुलगा घरी आला, एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, कमजोर झालाय म्हणाला, ते निदान बरोबरच होतं. नवा, दुसऱ्या कंपनीचा एसएमपीएस आणला. बिल झालं ४,२०० रुपये आणि फिटिंगचे ३००. सप्लाय अर्धा मॉड्युलर होता. म्हणजे मदरबोर्डची केबल त्यालाच कायमची जोडलेली, हार्डडिस्कची मात्र वेगळी लावायची. जुन्या हार्डडिस्कच्या केबली कॅबिनेटच्या मागच्या बाजूने ओढून, पट्ट्यांनी छान बांधून ठेवलेल्या होत्या. त्या कोण सोडणार? मुलाने त्याच जुन्या केबली नव्या सप्लायमध्ये लावल्या. बसल्या.

मशीन सुरू झालं. विंडोज आली. मुलगा पैसे घेऊन गेला. ताईंनी फाइल उघडायला घेतली तर डी ड्राइव्ह नाही, ई ड्राइव्हही नाही. आणि कॅबिनेटमधून करपल्याचा मंद वास.

विंडोज होती एम-डॉट-टू एसएसडीवर. ती थेट बोर्डात बसते आणि वीज बोर्डाकडूनच घेते, म्हणून ती वाचली. दोन्ही हार्डडिस्क गेल्या. एकीवर काम, दुसरीवर त्या कामाचा बॅकअप. एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच केबलवर. (हा बॅकअप नव्हे, ही जुळी भावंडं. पण हे ताईंना त्या दिवशी सांगण्यात काही शहाणपण नव्हतं.) १६० पानांच्या दिवाळी अंकाची लावलेली पानं त्यात होती.

दुकानाचं उत्तर ठरलेलं. "आम्ही फक्त एसएमपीएस बदलला, आणि तो तर चालू आहे. कॉम्प्युटरही चालू आहे. हार्डडिस्क तुमच्या पाच वर्षं जुन्या. एकदम करंट लागला की जुन्या डिस्क जातात." कावळा आणि फांदी.

ताई केंद्रात आल्या तेव्हा त्यांच्या हातात एसएमपीएसचा रिकामा खोका होता. मी तो सहज उघडला आणि माझ्या छातीत धस्स झालं. खोका रिकामा नव्हताच. आत नव्या सप्लायच्या हार्डडिस्कच्या केबली होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत, कारखान्यात लावलेलं सील जसंच्या तसं. बावीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. नव्या केबली पिशवीतच राहिल्या असतील, तर डिस्कला लागल्या त्या कुठल्या?

मी त्यांना म्हणालो, "ताई, ही पिशवी फोडू नका." त्या म्हणाल्या, "सर, यात काय आहे?" मी म्हणालो, "तुमची केस."

नशिबाने त्यांनी जुना एसएमपीएसही दुकानाला दिला नव्हता. भंगारवाला दोनशे देईल म्हणून ठेवून घेतला होता. आम्ही दोन्ही सप्लाय टेबलावर मांडले. चोवीस पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर काळ्याशी जोडली की सप्लाय बोर्डाशिवायही सुरू होतो, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मल्टिमीटरने एकेक पिन मोजली. जुन्यात ज्या पिनेवर पाच व्होल्ट, नव्यात त्याच पिनेवर बारा. दोन्ही सप्लाय, दोन्ही आकडे आणि सीलबंद पिशवी, सगळ्यांचे फोटो काढले. बाजूला त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवलं. डिस्कचे सर्किट बोर्ड तपासल्यावर आणखी एक गोष्ट जुळली. पाच व्होल्टच्या मार्गावर संरक्षणासाठी एक छोटा डायोड असतो. जास्त दाब आला की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्या सर्किटला वाचवायचा प्रयत्न करतो. दोन्ही डिस्कवर तोच डायोड गेलेला. जुनी झाली म्हणून डिस्क मरते तेव्हा ती अशी मरत नाही. तेव्हा हेड खरडतं, सेक्टर खराब होतात, टकटक आवाज येतो. एकाच क्षणी दोन डिस्क, आणि दोन्हींचा एकच भाग जळालेला, हे म्हातारपणाचं लक्षण नाही.

'नंतर'चं 'मुळे' होतं ते असं. ओरडण्याने होत नाही, आणि दुकानदाराच्या तोंडून कबुली काढूनही होत नाही.

हजारो लोकांकडे तोच सदोष भाग असला की हे सिद्ध करण्याचं काम जरा सोपं होतं. १९९४मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात चूक सापडली. कंपनीने आधी अट घातली की ज्यांना या चुकीची झळ खरंच बसते हे पटवून देता येईल त्यांनाच बदलून देऊ. लोक खवळले. डिसेंबरात मागेल त्याला बदली प्रोसेसर द्यायचं ठरलं आणि कंपनीने त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढले. तिथे 'मुळे' सिद्ध करायला कुणा एकाला धडपडावं लागलं नाही. कुणीही तोच भागाकार करून पाहिला की तेच चुकीचं उत्तर यायचं. आपल्या ताईंची केस एकुलती एक. तिथे हजारांची साथ नसते, एक पिशवी असते.

आता कायद्याकडे येतो. वकील मंडळी बसली आहेत, चुकलं तर मध्येच थांबवा.

पहिला अडथळा असा की दुकानाच्या वकिलाने आमच्या नोटिशीच्या उत्तरात लिहिलं, ताई ग्राहकच नाहीत, कारण त्या कॉम्प्युटरवर धंदा करतात. हा मुद्दा हास्यास्पद नाही. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू किंवा सेवा ग्राहक कायद्यातून वगळलेली आहे. पण स्वयंरोजगारातून स्वतःचा उदरनिर्वाह करण्यासाठी जो वस्तू वापरतो तो ग्राहकच, असं स्पष्टीकरण १९९३च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आणि २०१९च्या कायद्यातही ते आहे. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात याची फोड करताना टाइपरायटरचं उदाहरण दिलं होतं. टाइपरायटर घेऊन स्वतः बसून पोटासाठी लोकांचं टायपिंग करणारा माणूस ग्राहक राहतो. त्या खटल्यातला तक्रारदार स्वतः हरला, ही वेगळी गोष्ट; त्याच्या हरण्यातून आमच्या ताईंच्या उपयोगाचं उदाहरण राहिलं. टाइपरायटर आणि डीटीपी यांत फक्त तीस वर्षांचं अंतर आहे.

दुसरा प्रश्न, दावा कशाचा करायचा? इथे चांगले शिकलेले लोकही चुकतात. २०१९च्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' असं एक नवं, भारदस्त प्रकरण आहे. ते वाचून वाटतं की एसएमपीएस बनवणाऱ्या कंपनीलाच धरावं. पण त्या प्रकरणापुरत्या 'हानी'च्या व्याख्येतून व्यापारी किंवा आर्थिक नुकसान स्पष्टपणे बाहेर काढलेलं आहे, आणि खुद्द त्या वस्तूचं नुकसानही. शिवाय इथे एसएमपीएस निर्दोष होता. बिघाड वस्तूत नव्हता, जोडण्यात होता. म्हणून साधी, जुनी वाट बरी. सेवेतील त्रुटी. फिटिंगचे ३०० रुपये बिलावर होते, ती सेवेची किंमत. त्या ३०० रुपयांना ग्राहक आयोगासमोर ४,२००पेक्षा जास्त वजन आलं. कच्च्या चिठ्ठीवर 'एसएमपीएस ४,५००' एवढंच लिहिलं असतं तर फिटिंग कुणी केली यावरच पहिल्या दोन तारखा गेल्या असत्या.

बाकी गोष्टी सोप्या आहेत, पटकन सांगतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. वकील लागतोच असं नाही. दोष परीक्षणाशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरायला लावू शकतो. म्हणूनच जळालेला भाग कुणालाही देऊन टाकू नये. "कंपनीकडे आरएमएला, म्हणजे बदलून घ्यायला, पाठवतो" म्हणून दुकान तो घेऊन जातं, आणि मग पुरावा तैवानला जातो.

मग पैशाचा प्रश्न. दोन डिस्कची किंमत, डेटा काढायचा खर्च, दिवाळी अंकाचं बुडालेलं काम, मनस्ताप. यातलं कुठपर्यंत मागायचं?

या प्रश्नाचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर एका गिरणीच्या मोडलेल्या दांड्यामुळे मिळालं. १८५३च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला हॅडली मंडळींच्या पिठाच्या गिरणीचा लोखंडी दांडा मोडला. नवा बनवायला नमुना म्हणून जुनाच दांडा ग्रीनिचच्या कारागिरांकडे पाठवायचा होता. वाहतूकदाराने उशीर केला, गिरणी जास्त दिवस बंद राहिली. हॅडलींनी बुडालेला नफा मागितला. १८५४मध्ये न्यायालयाने म्हटलं, करार करताना दोघांच्या डोळ्यांसमोर जे नुकसान असू शकत होतं, तेवढंच भरून मागता येईल. दुसरा दांडा नाही, त्यामुळे गिरणी ठप्प आहे, ही खास परिस्थिती वाहतूकदाराला सांगितल्याचं दिसत नाही, असं न्यायालयाने धरलं. हाच विचार आपल्या १८७२च्या करार कायद्याच्या कलम ७३मध्ये आहे, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एका दाखल्यात पुन्हा गिरणीच आहे. मालक वाहतूकदाराला सांगतो की यंत्रावाचून गिरणी बंद आहे, तरी तो उशीर करतो. मालकाला त्या दिवसांचा सरासरी नफा मिळतो, पण सरकारशी होणारा जो मोठा करार त्यामुळे हुकला, त्याचं नुकसान मिळत नाही.

ताईंना मी विचारलं, "दिवाळी अंकाचं काम यात आहे, हे त्या मुलाला सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या, "सांगितलं की. चहा देताना." चहा देताना सांगितलेलं पावतीवर येत नाही. त्याऐवजी मुलाने सही घेतलेल्या जॉबशीटवर खाली छापलेलं होतं, 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची'. आणि सहीला किंमत असते. भारती निटिंग आणि एका कुरिअर कंपनीच्या वादात १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या कागदावरची भरपाईची शंभर डॉलरची मर्यादा कायम ठेवली होती. बारीक अक्षरात छापलंय म्हणून ते उडून जात नाही.

माझं मत विचाराल तर ती ओळ मला सर्वस्वी अन्यायाची वाटत नाही. तीनशे रुपये घेणाऱ्या मुलाने लाखाच्या कामाची हमी कशी द्यायची? पण त्या ओळीचा अर्थ 'डिस्क आपणहून गेली तर आमच्याकडे येऊ नका' एवढाच घ्यायला हवा. 'आम्ही बारा व्होल्ट सोडले तरी येऊ नका' असा नाही. हा फरक आम्ही तक्रारीत लिहिला. डिस्कची किंमत आणि डेटा काढायचा खर्च ठामपणे मागितला, अंकाचं काम जरा हळू आवाजात.

प्रकरण निकालापर्यंत गेलं नाही. आयोगाने मध्यस्थीकडे पाठवलं. बैठकीला दुकानदार आला, आणि बरोबर तो मुलगा. विशी-बाविशीचा. मी टेबलावर दोन्ही सप्लाय ठेवले, मीटर त्याच्याच हातात दिला आणि म्हणालो, तूच मोज. त्याने मोजलं. पाच. मग बारा. पुन्हा मोजलं. त्याचा चेहरा मी ओळखत होतो. पतसंस्थेच्या काचेत तो मी एकदा पाहिला होता. मालक म्हणाला, "याला कुणी सांगितलंच नव्हतं." मुलगा काही बोलला नाही.

दोन डिस्कची किंमत आणि डेटा काढायचा खर्च दुकानाने दिला. मनस्तापाचे पाच हजार. एका डिस्कवरचा डायोड काढल्यावर ती डिस्क बोलती झाली आणि बहुतेक पानं परत मिळाली. दुसरीची मोटर चालवणारी चिप जळालेली होती. डिस्कचा सर्किट बोर्ड नुसता दुसऱ्या डिस्कवरून आणून चालत नाही, कारण त्या डिस्कची खास माहिती बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असते आणि तीही उचलून लावावी लागते. ते काम ताईंनी करून घेतलं नाही. अंक त्या वर्षी दिवाळीनंतर आठ दिवसांनी निघाला. त्याचे पैसे कुणाकडूनच मिळाले नाहीत.

आता काकांची गोष्ट पुरी करतो. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने दुकानातल्या वह्या मला दिल्या. प्रत्येक दुरुस्तीची नोंद त्यांत आहे. सेट आला तेव्हा काय चालू होतं, काय बंद होतं, कुठला भाग काढला, जुना भाग गिऱ्हाइकाला परत दिला की नाही. जुना भाग परत दिल्यावर ते पुढे बारीक टिंब करायचे. मी १९९६ची वही उघडून ते पान शोधलं. पतसंस्था, ४८६, पॉवर सप्लाय बदलला. त्याखाली लाल शाईत:

'बोर्ड आमच्याकडून गेला. नवा रु. ४,२००. निम्मे पोराचे, निम्मे माझे. काळ्याला काळा सांगायचं राहिलं होतं.'